तार कोठे तुटते?

अंबाजोगाईच्या स्वस्त धान्य दुकानांसमोर वितरणाच्या दिवसांत जी रांग उभी राहते, तिला अलीकडे एक नवे उत्तर ऐकण्याची सवय झाली आहे : 'नेट नाही.' हेच उत्तर आपले सरकार सेवा केंद्रात मिळते, तहसिलीच्या खिडकीवर मिळते, बँकेत मिळते. पूर्वी सरकारी कचेरीत 'साहेब दौऱ्यावर आहेत' असे सांगत. साहेब निदान दुसऱ्या दिवशी परत येत, आणि आले नाहीत तर त्यांच्याविरुद्ध वर अर्ज करता येई. नेटविरुद्ध अर्ज कोणाकडे करावयाचा, हे रांगेतल्या म्हातारीला ठाऊक नाही, दुकानदाराला ठाऊक नाही, आणि खरे सांगावयाचे तर तालुक्याच्या अधिकाऱ्यालाही ठाऊक नाही. ज्या सेवेवाचून शासनाची कोणतीही योजना आज हलत नाही, त्या सेवेचा तालुक्यात कोणी धनीच नसावा, ही या प्रश्नाची खरी गोम आहे.

इंटरनेट ही शहरी लोकांच्या करमणुकीची बाब आहे, असा एक समज जुन्या पिढीतील कार्यकर्त्यांत अजूनही आढळतो. पाणी, रोजगार, ऊसतोडणी कामगारांची मजुरी असे प्रश्न समोर असताना नेटच्या वेगाची चर्चा कशाला, असे ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, परंतु तो जुना झाला आहे. ज्या दिवशी शिधापत्रिकेवरील गहू-तांदूळ यंत्रावरील बोटाच्या ठशाशी जोडला गेला, त्या दिवशी तार हा धान्याचा प्रश्न झाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील उपचारांची पूर्वमंजुरी संगणकामार्फत घ्यावी लागते. तेव्हापासून तार हा दवाखान्याचा प्रश्न झाला. २०२१ सालापासून पिकाची नोंद तलाठ्याच्या लेखणीऐवजी शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून 'ई-पीक पाहणी'मार्फत करावयाची आहे. आणि सोयाबीन हमीभावाने घालावयाचे झाले की ही नोंद मागितली जाते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून जी लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडणीस जातात, त्यांना फडावरील गावात आपल्या वाट्याचे धान्य उचलता यावे म्हणून 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था आली. कल्पना उत्तम आहे. तिच्यातील एकूण एक कडी मात्र तारेला टांगलेली आहे.

पीकविम्याचे उदाहरण यापेक्षा बोलके आहे. पंतप्रधान पीकविमा योजनेत अतिवृष्टीने शेत पाण्याखाली गेले तर ७२ तासांच्या आत तशी सूचना द्यावी, अशी अट असे. ही सूचना ॲपवरून किंवा दूरध्वनीवरून द्यावयाची. ज्या पावसाने पीक जाते, त्याच पावसाने वीज जाते. वीज गेली की काही तासांत मोबाइलच्या मनोऱ्याच्या बॅटऱ्या उतरतात. ओढ्याच्या पुलावरील केबल वाहून जाते ती निराळीच. म्हणजे ७२ तासांचे घड्याळ नेमके ज्या क्षणी चालू होते, त्याच क्षणी शेतकऱ्याची वाचा बंद होते. ही अट ज्यांनी घातली त्यांनी बालाघाटच्या कड्याखालील एखाद्या वस्तीवर पावसाळ्यातील तीन दिवस काढले असते, तर तिच्यातील क्रूर विनोद त्यांच्या ध्यानी आला असता. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्र शासनाने स्थानिक आपत्तीचे हे कलमच योजनेतून गाळले. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला. सूचना देण्याची अडचण तेवढी मिटली होती. कारण सूचना देऊन मिळावयाचे तेच मिटले होते.

आता तार नेमकी कोठे तुटते ते पाहिले पाहिजे. मोबाइलचे इंटरनेट आकाशातून येते, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. आकाशातून येते ते फक्त हातातील यंत्रापासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतचे अंतर. मनोऱ्यापासून पुढे संदेश सूक्ष्मलहरींनी दुसऱ्या मनोऱ्याकडे, किंवा जमिनीखालील काचेच्या तंतूंतून तालुक्याकडे, तेथून जिल्ह्याकडे, मुंबईकडे आणि वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्यास लागणाऱ्या समुद्री केबलींतून जगाकडे जातो. १८७० साली मुंबई ते सुएझ अशी तारायंत्राची केबल समुद्रात पडली. आजच्या केबलींचा मार्गही बव्हंशी तोच आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबली तुटल्या तेव्हा भारतातील सेवेला धक्के बसले, आणि त्याच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या. केज-अंबाजोगाई रस्त्याच्या कडेला खोदाई यंत्राच्या दात्याने एखादी केबल उखडली तर त्याची बातमी होत नाही. केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये खोदण्यापूर्वी सूचना देण्याचे एक ॲप काढले, तेव्हा देशात वर्षाकाठी सुमारे दहा लाख वेळा केबली तुटतात आणि तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे स्वतःच सांगितले. रस्ता एका खात्याचा, पाण्याची नळयोजना दुसऱ्याची, वीज तिसऱ्याची, केबल चौथ्याची; आणि खोदणारा पोटकंत्राटदार कोणाचाच नाही.

परंतु केबल तुटणे हा अपघात आहे. एक केबल तुटल्याने पंचवीस गावे मुकी होणे हा अपघात नाही, ती रचना आहे. तंतू एका सरळ रेषेत नेला, तर मध्ये तुटताच पुढचे सारे तुटते. तोच वर्तुळाने नेऊन परत मूळ ठिकाणी आणला, तर एका बाजूला तुटल्यावर संदेश दुसऱ्या बाजूने फिरून जातो. हे ज्ञान नवे नाही. शहरांतील जाळी अशीच विणलेली आहेत. मग खेड्यांसाठी सरळ रेषा का निवडली गेली? उत्तर काटकसर असे आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे 'भारतनेट' असे नामकरण झाले. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावाकडे जाणाऱ्या वाटेवर भारत संचार निगमचा जो जुना तंतू होता तोच वापरावयाचा आणि जेथे तो संपतो तेथून ग्रामपंचायतीपर्यंतचा तुकडा तेवढा नवा टाकावयाचा, असे ठरले. अशा तंतूचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षे धरतात. नव्वदीच्या दशकात टाकलेली, वीस ठिकाणी तुटून सांधलेली केबल योजनेच्या आरंभीच म्हातारी होत आलेली होती. प्रत्येक सांध्यात थोडा प्रकाश गळतो, कधी पाणी शिरते. जुन्या धोतराला नवा काठ लावून ते नवे ठरवावे, तसा हा प्रकार झाला. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती 'सेवेसाठी सज्ज' झाल्याचे आकडे संसदेत वेळोवेळी दिले गेले. सज्ज असणे आणि चालू असणे यांत जे अंतर आहे, ते ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातील दिवा विझलेल्या पेटीपाशी जाऊन मोजावे लागते.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट योजना सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये खर्चाची मंजूर झाली. तीत वर्तुळाची रचना आणि दहा वर्षांची देखभाल या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणजे जे बारा वर्षांपूर्वी करावयास हवे होते ते करावयाचे ठरले. याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र मधल्या बारा वर्षांत दुसऱ्या टोकाला काय घडले, हे विसरून ते करता येणार नाही.

अंबाजोगाईला या इतिहासात एक वेगळे स्थान आहे. प्रमोद महाजन या गावात वाढले, येथेच शिकले. २००१ ते २००३ या काळात ते केंद्रात दळणवळण व माहिती तंत्रज्ञान मंत्री होते. भारत संचार निगमची मोबाइल सेवा ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली ती त्यांच्या कारकिर्दीत. ग्रामीण भागात दूरसंचार पोहोचविण्यासाठी कंपन्यांच्या महसुलावर पाच टक्के अधिभार घेऊन उभारलेला सार्वत्रिक सेवा निधी एप्रिल २००२ पासून अमलात आला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत; आणि फेब्रुवारी २००२ मध्ये विदेश संचार निगमचे नियंत्रण खासगी उद्योगसमूहाकडे गेले, तेही त्यांच्याच काळात. त्या दोन वर्षांत दूरसंचाराचे दर कोसळले, फोन रिक्षावाल्याच्या हातात आला. टीकाकारांनीही हे मान्य केले पाहिजे. प्रश्न स्वस्ताईचा नाहीच. स्वस्ताईबरोबर सार्वजनिक जाळ्याची जी आबाळ सुरू झाली, तिची किंमत कोणी मोजली, असा प्रश्न आहे.

त्या सार्वजनिक जाळ्याचे गुणगान करताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. सत्तरीच्या दशकात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे, ट्रंक कॉल नोंदवून दिवसभर बसावे लागे, आणि फोन बिघडला की लाइनमनची मनधरणी करावी लागे. सार्वजनिक मालकी म्हणजे लोकांची मालकी हे समीकरण तेव्हाही आपोआप सुटलेले नव्हते. परंतु याच क्षेत्राने १९८४ साली सी-डॉट ही संशोधनसंस्था उभी केली. तिने धूळ आणि उन्हाळा सोसणारे, वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्सचेंज तयार केले, आणि १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसले. पिवळ्या रंगाच्या एस.टी.डी. टपऱ्यांनी पुढे खेडोपाडी जी क्रांती केली, तिच्या मुळाशी हे काम होते. खेड्याला काय लागते, हे आधी विचारून मग यंत्र बनविण्याचे असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी फोमच्या गाद्या आणल्या, त्याच जातीचे हे काम होते.

ऑक्टोबर २००० मध्ये खात्याचा निगम झाला. २००४-०५ साली या निगमने दहा हजार कोटी रुपयांहून अधिक नफा मिळविला. मग पाचच वर्षांत, २००९-१० साली, तो प्रथमच तोट्यात गेला, हे कसे? तोट्यातील ग्रामीण दूरध्वनी चालविण्याबद्दल त्याला इतर कंपन्यांकडून जी भरपाई मिळे, ती एप्रिल २००८ मध्ये संपुष्टात आली. २०१० साली खासगी कंपन्यांनी लिलावात जो भाव चढविला, त्याच भावाने निगमला लहरींचे पैसे भरावे लागले. त्यात अठरा हजार कोटींहून अधिक रोकड गेली. चौथ्या पिढीची सेवा खासगी कंपन्या २०१२ पासून सुरू करू लागल्या, २०१६ साली एका कंपनीने तर ती सुरुवातीस फुकटच वाटली. निगमची निविदा मात्र २०२० साली रद्द झाली आणि त्याने स्वदेशी यंत्रसामग्रीच वापरावी असे ठरले. स्वदेशीचे तत्त्व योग्यच आहे. पण ते तत्त्व एकट्या सरकारी कंपनीने पाळावयाचे आणि खासगी कंपन्यांनी परदेशी यंत्रे आणून बाजार काबीज करावयाचा, ही कसली स्वदेशी? सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी ४ जीचे देशव्यापी उद्घाटन झाले तेव्हा इतरांची ५ जी तीन वर्षांची झाली होती. शर्यतीत घोड्याचे पाय बांधावयाचे आणि मग घोडाच सुस्त आहे म्हणून त्याला पिंजरापोळात धाडावयाचे, असे हे धोरण होते.

याच काळात माणसेही गेली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी निगमचे ७८,५६९ कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. देशाच्या नोकरशाहीच्या इतिहासात असा दिवस क्वचितच आला असेल. पगाराचा बोजा कमी झाला हे खरे. परंतु कोणत्या बाभळीजवळ सांधा आहे, कोणत्या पुलाखाली केबल डावीकडून उजवीकडे वळते, १९९८ साली टाकलेला तंतू रस्तारुंदीकरणात किती खाली दबला, हे ज्ञान कोणत्याही नकाशात नव्हते. ते लाइनमनच्या डोक्यात होते, आणि ते त्याच्याबरोबर घरी गेले. त्याच्या जागी आला तो कंत्राटी मुलगा. त्याला दोन-तीन तालुके सांभाळावयाचे, पेट्रोल स्वतःचे घालावयाचे आणि पगाराची वाट पाहावयाची. नेट तुटले की शिव्या त्यालाच बसतात.

खासगी सेवा आहे ना, मग निगमचे काय घेऊन बसलात, असे तरुण विचारतील. अंबाजोगाई शहरात ती आहे, चांगलीही आहे. ती जेथे ग्राहक दाट आहेत तेथे दाट आहे. घाटनांदूर-बर्दापूरच्या पलीकडील तांड्यावर ती विरळ होते. यात कंपनीचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. नफ्याचा हिशेब तसाच असतो. चिंता दुसरीच आहे. देशातील मोबाइल ग्राहकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आता दोन कंपन्यांकडे आहेत. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढविले, तेव्हा लक्षावधी ग्राहक रागाने निगमकडे वळले आणि तेथे वेग मिळेना म्हणून काही महिन्यांत पुष्कळसे परतले. सार्वजनिक पर्याय मोडकळीस आला की ग्राहकाच्या रागालाही बाजारात किंमत उरत नाही.

पैसा नव्हता, असे म्हणता येत नाही. सार्वत्रिक सेवा निधीत अधिभारापोटी एक लाख कोटींहून अधिक रुपये जमले आणि त्यातील हजारो कोटी वर्षानुवर्षे खर्चाविना केंद्राच्या तिजोरीत पडून राहिले. हा पैसा प्रत्येक ग्राहकाच्या बिलातून, म्हणजे ऊसतोडणी कामगाराच्या रिचार्जमधूनही आलेला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' असे केले. नाव बदलण्यास आपल्याकडे कधीच विलंब लागत नाही.

मराठवाड्याला अनुशेष हा शब्द नवा नाही. १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष मोजला. दूरसंचार हा केंद्राचा विषय. त्यामुळे तो मोजण्याचा प्रश्न राज्याने कधी स्वतःचा मानला नाही. रेल्वेचा अनुभव तर ताजाच आहे. अहमदनगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला, आणि अहिल्यानगर ते बीड गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. रेल्वे नाही हे डोळ्यांना दिसते, म्हणून त्यासाठी आंदोलन होते. तंतू जमिनीखाली असतो; तो आहे की नाही, जिवंत आहे की मेला, हे दिसत नाही. म्हणूनच तो मोजण्याचे काम अधिक निकडीचे आहे.

मोजमापाचा एक सरकारी प्रयत्न झाला आहे आणि त्यातील त्रुटी बोधप्रद आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०२४ चे नियम असे सांगतात की, एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद पडली तर कंपनीने ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यावी. चार तासांहून अधिक काळ बंद पडली तर प्राधिकरणाला कळवावे. नियम चांगला आहे. पण तो जिल्हा हे माप धरतो. आष्टीपासून परळीपर्यंत पसरलेल्या बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. त्यांपैकी एका तालुक्याची दहा गावे आठवडाभर मुकी राहिली तरी जिल्हा चालूच असतो आणि कागदावर खंड पडतच नाही. अंबाजोगाईकर स्वतंत्र जिल्ह्याची मागणी काही दशके करीत आहेत. ती मान्य होईल तेव्हा होवो. नियामकाने आपले माप जिल्ह्यावरून तालुक्यावर आणावे, यासाठी मंत्रिमंडळाच्या बैठकीची गरज नाही.

तार काही वेळा जाणूनबुजूनही तोडली जाते. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीडमध्ये जाळपोळ झाली, तेव्हा जिल्ह्यातील इंटरनेट बंद करण्यात आले. घरे जळत असताना अफवा थांबविणे आवश्यक होते, हे कोणी नाकारणार नाही. पण शासनाचा प्रत्येक व्यवहार ज्या तारेवर नेऊन ठेवला ती तोडताना धान्य, औषध आणि मजुरी यांचे काय, याचे उत्तर आदेशात नसते. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करावेत आणि ते बेमुदत नसावेत, असा निर्णय दिला आहे. तो निर्णय या बाबतीत अगदीच गप्पही नाही; रुग्णालये व इतर अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्याचा विचार करावा, असे तो सांगतो.

येथे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली निघाले. डॉक्टरने खेड्यात शिकावे, खेड्याचे रोग खेड्यात पाहावेत, ही त्यामागची दृष्टी. मोठ्या सोयी मोठ्या शहरांतच असाव्यात, या समजुतीला तो एक छेद होता. आज त्या रुग्णालयात दूरच्या तांड्यावरून आलेल्या रुग्णाची कागदपत्रे संगणकावर चढेपर्यंत त्याच्या नातलगांना थांबावे लागत असेल, तर त्या दृष्टीचा अर्धा भाग अजून जमिनीखाली गाडलेला आहे.

नवी वर्तुळे विणली जातील तोवर एक गोष्ट लगेच करता येईल. झारखंडातील सिमडेगा जिल्ह्यात २०१७ साली आधारशी न जोडलेल्या शिधापत्रिकेमुळे धान्य न मिळालेल्या एका मुलीच्या मृत्यूचे प्रकरण गाजले. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना लेखी कळविले की, नेट नसले, ठसा जुळला नाही, तरी शिधापत्रिका पाहून धान्य द्यावे आणि त्याची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. ती वही अंबाजोगाई तालुक्यातील किती दुकानांत आहे, गेल्या वर्षभरात तीत किती नोंदी झाल्या आणि नेट नसलेल्या दिवसांशी त्या जुळतात काय, याची तपासणी प्रत्येक गावाच्या दक्षता समितीने पुढील वाटपापूर्वी करावी, आणि जेथे वही नाही तेथे ती तहसीलदारांकडून लेखी मागून घ्यावी.